रँडम व्हिडिओ चॅटचं अ‍ॅप घेताना आधी त्याचं पोट कशावर भरतं ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय २३, ऐरोलीत एका डेटा सेंटरमध्ये रात्रपाळी, घणसोलीत तिघांसोबत भाड्याची खोली. इंग्रजी बोलायची भीड मोडावी आणि रोजच्या चार चेहऱ्यांपलीकडचं कुणी भेटावं, म्हणून अनोळखी माणसांशी व्हिडिओवर बोलायचं अ‍ॅप हवंय. अशा गप्पांची जुनी प्रसिद्ध साइट ओमेगल बंद झाली आणि आता स्टोअरमध्ये त्याच्यासारखी ढीगभर दिसतात. फोन ४ जीबी रॅमचा अँड्रॉइड, डेटा रोज दीड जीबी, पैसे शक्यतो घालायचे नाहीत. शिवाय अकरावीतला धाकटा भाऊ तेच अ‍ॅप मागतोय, त्याला द्यावं का?

भावाचं आधी सांगतो, कारण बाकी सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे, हे नाही. त्याला देऊ नका. अनोळखी माणसांशी थेट व्हिडिओ जोडणारं कुठलंही अ‍ॅप १८ वर्षांखालच्या मुलासाठी नाही. अ‍ॅपच्या नियमांत किमान वय काहीही लिहिलेलं असो. समोर पहिल्या दोन सेकंदांत काय दिसेल यावर कुणाचाच ताबा नसतो आणि वय विचारणारी चौकट बहुतेक ठिकाणी नुसती जन्मतारीख भरून ओलांडता येते. त्याच्या फोनवर प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये ‘फॅमिली’खाली पालक नियंत्रण आहे, तिथे पिन टाकून १६ वर्षांपर्यंतचीच अ‍ॅप दिसतील असं करता येतं. पण ते रेटिंग अ‍ॅप बनवणाऱ्याने भरलेल्या प्रश्नावलीवरून ठरतं आणि ब्राउझरचा रस्ता उघडाच राहतो. म्हणून पिन टाकून गप्प बसू नका. का नाही देत, ते त्याला मोठ्या भावाच्या तोंडून ऐकू द्या. आणि काही विचित्र घडलं तर सगळ्यात आधी तुमच्याकडे येता येईल, इतकी मोकळीक ठेवा. ब्लॅकमेलमध्ये मुलं अडकतात ती बहुतेक वेळा घरच्यांना सांगायच्या भीतीने.

आता तुमच्याबद्दल. प्रश्न ‘कुठलं अ‍ॅप’ असा असला तरी त्यात दोन वेगळ्या गरजा एकत्र झाल्यात. इंग्रजीचा सराव ही एक, नवी माणसं भेटणं ही दुसरी. पहिल्या गरजेसाठी रँडम चॅट हे कमकुवत साधन आहे. तिथे बहुतेक जोड्या काही सेकंदांत तुटतात, समोरचा ‘नेक्स्ट’ दाबून पुढे जातो आणि तुमचं बोलणं ‘हाय, व्हेअर आर यू फ्रॉम’च्या पलीकडे सरकत नाही. तासभर बसलात तरी सलग पाच मिनिटांचं वाक्य-प्रतिवाक्य एकदाच मिळेल. सरावासाठी हॅलोटॉक किंवा टँडेमसारखी भाषा-अदलाबदलीची अ‍ॅप्स बरी. तिथे तुम्ही येणाऱ्या भाषांत मराठी-हिंदी आणि शिकायच्या भाषेत इंग्रजी लिहिता; आधी मजकूर, मग आवाज, मग वाटलं तर व्हिडिओ. एकच माणूस आठवड्यातून तीनदा पंचवीस मिनिटं भेटला की भीड मोडते, कारण त्याला तुमच्या चुका आठवतात. हिंदी प्रोफाइलमध्ये आवर्जून लिहा. फक्त मराठी लिहिलंत तर जोडीदार मिळायला वेळ लागेल.

तेवढ्याने भागत असेल तर पुढचं वाचायची गरजही नाही. पण कोण भेटेल याची उत्सुकता हीसुद्धा खरी गरज आहे, तिला कमी लेखायचं कारण नाही. ती असेल तर पुढे वाचा.

ओमेगल का बंद झालं हे समजलं की आजची अ‍ॅप्स ओळखणं सोपं जातं. लीफ के-ब्रूक्स यांनी ते २००९ साली सुरू केलं आणि ८ नोव्हेंबर २०२३ रोजी बंद केलं. अमेरिकेतल्या एका स्त्रीने, ती ११ वर्षांची असताना या साइटने तिला एका शोषण करणाऱ्या माणसाशी जोडून दिलं, म्हणून खटला भरला होता. त्याच्या तडजोडीतून साइट बंद झाली. ही साइट चालवणं आर्थिक आणि मानसिक दोन्ही अर्थांनी झेपेनासं झालं, असं के-ब्रूक्स यांनी निरोपाच्या पत्रात लिहिलं. यातला आर्थिक भाग आपल्या कामाचा आहे. अनोळखी लोकांच्या व्हिडिओवर सतत नजर ठेवायला यंत्रं लागतात, माणसं लागतात, सर्व्हर लागतात, आणि हा खर्च रोजचा असतो. म्हणजे आज जे अ‍ॅप हे ‘फुकट’ देतंय ते कुठून तरी कमावतंय, नाहीतर नजर ठेवण्यावर खर्चच करत नाही. कुठून कमावतंय हे कळलं की ते तुमच्याशी कसं वागेल हेही बऱ्यापैकी कळतं. अ‍ॅप तपासताना मी पहिल्यांदा हेच बघतो, फीचर्स नंतर. आणि हो, आज स्टोअरमध्ये ओमेगलचं नाव लावून जे काही दिसतं, त्याचा त्या मूळ साइटशी संबंध नाही.

कमाईचे मार्ग साधारण चार: जाहिराती, महिन्याची किंवा आठवड्याची वर्गणी, कॉइन (अ‍ॅपमधलं आभासी चलन) विकून मिनिटामागे पैसे, आणि तुमची माहिती. जाहिरातींवर चालणारं अ‍ॅप त्रासदायक असतं, पण त्याचा हेतू सरळ असतो. वर्गणीवालं अ‍ॅप सहसा जोडणी फुकट देतं आणि ‘फक्त मुली’, ‘फक्त अमुक देश’ अशा चाळण्यांचे पैसे घेतं. अझार हे त्यातलं ठळक उदाहरण. कोरियाच्या हायपरकनेक्टचं हे अ‍ॅप. टिंडर ज्यांच्या मालकीचं आहे त्या मॅच ग्रुपने ती कंपनी २०२१ मध्ये विकत घेतली. मागे मोठी, नाव-पत्ता असलेली कंपनी आहे याचा फायदा म्हणजे तक्रार कुणाकडे करायची ते माहीत असतं. म्हणून समोर येणारा माणूस चांगलाच असेल असं नाही.

कॉइनवाल्या अ‍ॅपवर जरा जास्त लिहितो, कारण तुमच्या वयाच्या आणि एकटं राहणाऱ्या मुलांचे पैसे तिथेच जातात. खातं उघडून अर्धा मिनिटही होत नाही, तुम्ही काही केलेलं नसतं, आणि एका सुंदर चेहऱ्याचा ‘इनकमिंग कॉल’ येतो. उचलला की चार-पाच सेकंद चित्र दिसतं, मग ‘कॉइन संपले, रिचार्ज करा’. असा आपोआप येणारा पहिला कॉल बऱ्याचदा आधी रेकॉर्ड केलेली फीत असते. त्यानंतर खरी माणसं येतात, पण त्यांना अ‍ॅपच्या भाषेत ‘होस्ट’ म्हणतात. तुम्ही जितकी मिनिटं बोलाल, जितकी ‘गिफ्ट’ द्याल, त्यातला वाटा त्यांना मिळतो. त्या होस्टमध्ये पोट भरायला आलेल्या साध्या मुलीही असतात, त्यांच्याविषयी वाकडं बोलायचं नाही. पण तुम्हाला जी ओळख वाटते ते तिथे कामाचे तास असतात, आणि रँडम तर ते मुळीच नसतं. ओळखायची खूण सोपी आहे: जिथे स्वतः न दाबता कॉल येतात आणि पडद्याच्या कोपऱ्यात कॉइनचा आकडा सतत दिसतो, ते अ‍ॅप त्याच दिवशी काढा.

वर्गणीचा आकडाही नीट वाचा. ‘१९९ रुपये’ मोठ्या अक्षरात असतं आणि ‘दर आठवड्याला’ बारीक. १९९ गुणिले ५२ म्हणजे वर्षाला १०,३४८ रुपये. ‘तीन दिवस मोफत’ घेताना यूपीआय ऑटोपे चालू होतो आणि अ‍ॅप फोनमधून काढलं तरी वर्गणी थांबत नाही. ती प्ले स्टोअरमध्ये वरच्या प्रोफाइलच्या चित्रावर टॅप करून ‘पेमेंट्स आणि सबस्क्रिप्शन्स’मधून वेगळी रद्द करावी लागते. चुकून पैसे गेले असतील तर ४८ तासांच्या आत गूगल प्लेकडे परताव्याची विनंती करा. त्यानंतर अ‍ॅपवाल्याच्या दारात जावं लागतं. एखादी चाळणी पैसे देऊन बघायचीच असेल तर बँक खातं जोडू नका, गूगल प्लेचा १०० रुपयांचा रिचार्ज कोड घ्या. मर्यादा आपोआप पडते.

आता स्टोअरच्या पानावर काय बघायचं. तारे बघू नका. सरासरी चार तारे विकतही मिळतात. परीक्षणं ‘सर्वात नवीन’ या क्रमाने लावा आणि एक-तारावाली वीस वाचा. ‘नेट स्लो आहे’ अशा तक्रारी सोडून द्या. ‘पैसे कापले’, ‘विनाकारण बॅन केलं, कॉइन गेले’, ‘रिपोर्ट केलं तरी तोच माणूस परत आला’ या तीन प्रकारच्या तक्रारी किती येतात ते मोजा. विसात पाचपेक्षा जास्त असतील तर पुढे जाऊ नका, असा माझा अंदाजी निकष आहे. मग ‘या अ‍ॅपबद्दल’मध्ये खाली जाऊन अ‍ॅपमधल्या खरेदीची किंमत कुठपासून कुठपर्यंत आहे ते बघा. वरचा आकडा हजारोंमध्ये असेल तर तो बहुधा कॉइनचा धंदा आहे. शेवटचं अपडेट कधीचं ते बघा. सहा महिन्यांपेक्षा जुनं असेल तर नजर ठेवणारंही बहुधा कुणी उरलेलं नसतं. ‘डेटा सुरक्षितता’ हा भाग उघडा, पण तोही अ‍ॅपवाल्यानेच भरलेला असतो हे लक्षात ठेवा. शेवटी गोपनीयता धोरणात भारतासाठीच्या तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल आहे का शोधा. आपल्याकडच्या २०२१ च्या आयटी नियमांनुसार तो असायला हवा. नसेल तर उद्या तुमचा व्हिडिओ फिरला तर लिहायचं कुणाला, याचं उत्तर अ‍ॅपकडे नाही.

एपीके (स्टोअरशिवाय थेट टाकता येणारी अ‍ॅपची फाइल) म्हणून कुणी लिंक पाठवली, ‘यात सगळं अनलॉक आहे’ म्हणाला, तर घेऊ नका. कॅमेरा, माइक आणि फाइल्स अशा तिन्हींना हात घालणारं अ‍ॅप स्टोअरबाहेरून घेणं म्हणजे घराची किल्ली देऊन येणं.

तुमच्या फोनसाठी माझा कल असा: सेवा ब्राउझरमध्ये चालत असेल तर आधी तिथे करून बघा. चॅटरूलेट, एमरल्ड चॅट या क्रोममध्ये चालतात. ब्राउझरला कॅमेरा आणि माइक एवढंच द्यावं लागतं, संपर्क किंवा फाइल्सचा प्रश्नच येत नाही; टॅब बंद केला की मागे काही चालू राहत नाही आणि ४ जीबी रॅमवर एक जड अ‍ॅप कमी. तोटा म्हणजे कॉल मध्येच अडकण्याचं प्रमाण थोडं जास्त आणि जाहिरातीवर चुकून बोट पडतं. आवडलं तर अ‍ॅप घ्या.

अ‍ॅप घेतलंच तर परवानग्यांच्या बाबतीत कंजूषपणा करा. कॅमेरा आणि माइक ‘अ‍ॅप वापरताना’ एवढ्यापुरते. अँड्रॉइड ११ पासून ‘फक्त या वेळी’ असाही पर्याय आहे, पहिल्या आठवड्यात तोच द्या. संपर्क, एसएमएस, कॉल लॉग, अ‍ॅक्सेसिबिलिटी, ‘इतर अ‍ॅप्सवर दाखवा’ यांतलं काहीही मागितलं तर नकार. नकार दिल्यावर अ‍ॅप चालेनासं झालं तर ते काढून टाका, कारण व्हिडिओवर बोलायला यातलं काहीच लागत नाही. संपर्कांवर एवढा जोर देतो याचं कारण पुढे ब्लॅकमेलच्या भागात येईल. लोकेशन नाकारा, हट्टच धरला तर अँड्रॉइड १२ पासून ‘अंदाजे’ हा पर्याय मिळतो, तो द्या. फोटो मागितले तर अँड्रॉइड १४ वर ‘निवडक फोटो’ देता येतात.

लॉगिनसाठी फोन नंबर देऊ नका. गूगलने लॉगिन केलं की नाव, ईमेल आणि प्रोफाइलचं चित्र अ‍ॅपकडे जातं, म्हणून यासाठी वेगळं जीमेल खातं काढा: आडनाव नको, फोटो नको. इन्स्टाग्रामचा आयडी प्रोफाइलमध्ये टाकायची जागा बऱ्याच अ‍ॅपमध्ये असते, ती रिकामी ठेवा.

आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवर तुमच्या जोडणीला मिळालेल्या क्रमांकावरून) घर शोधतात का, ही भीती अनेकांना असते, तिचं खरं स्वरूप सांगतो. असे कॉल बहुतेक वेळा वेबआरटीसी या तंत्रावर चालतात. त्यात दोन फोन थेट एकमेकांशी जोडले गेले तर समोरच्याला तुमचा आयपी पत्ता काढता येतो. अ‍ॅपने मधे स्वतःचा सर्व्हर ठेवला तर येत नाही. मोबाइल डेटावर तो पत्ता बहुधा अनेक ग्राहकांत वाटलेला असतो आणि त्यावरून कंपनी आणि शहराचा अंदाज येतो, इमारतीचा नाही. अंगावर काटा यावा असं त्यात काही नाही, पण ‘मी पुण्याचा’ असं सांगून तुम्ही निर्धास्त असाल तर ते खोटं पकडलं जाऊ शकतं. घराच्या फायबरवर असाल आणि मनाला खटकत असेल तर विश्वासातला व्हीपीएन (तुमचा आयपी पत्ता लपवणारी सेवा) लावा. फुकटचा व्हीपीएन नको, तो पुन्हा कमाईच्याच प्रश्नाकडे नेतो.

पत्ता खरा फुटतो तो चित्रातून, आणि नवी मुंबईत तो जरा लवकरच फुटतो. आपल्याकडे नोड (ऐरोली, घणसोलीसारखा भाग) आणि सेक्टर सांगितला की अर्धा पत्ता झालाच. भिंतीवर किराणा दुकानाचं किंवा पतपेढीचं कॅलेंडर असतं, त्यावर खाली दुकान क्रमांक आणि सेक्टर छापलेला असतो. खुर्चीला कंपनीच्या ओळखपत्राची दोरी लटकलेली असते. खिडकीतून पारसिकचा डोंगर आणि समोरच्या टॉवरवरचं ठळक नाव दिसतं. ठाण्यात घोडबंदर रोडला तर प्रत्येक संकुलाच्या माथ्यावर नाव आहे. खाली उभ्या गाडीची एमएच ४३ किंवा एमएच ०४ पाटी, स्टेशनजवळ असाल तर लोकलची उद्घोषणा, हे सगळं पलीकडे जातं. यात एक तांत्रिक गोम आहे. समोरच्या कॅमेऱ्यात तुम्हाला स्वतःचं चित्र आरशासारखं उलटं दिसतं, त्यामुळे मागची अक्षरं तुम्हाला वाचता येत नाहीत आणि तुम्ही निवांत राहता. समोरच्याला मात्र ती बहुधा सरळ दिसतात. म्हणून बसायच्या जागेवरून मागच्या कॅमेऱ्याने एक फोटो काढा आणि तो मोठा करून वाचा. साधी भिंत किंवा एकरंगी चादर पुरे. पार्श्वभूमी धूसर करणारं फीचर वापरू नका असं नाही, पण हात हलवला की कडा फाटतात आणि क्षणभर मागचं दिसतं. शिवाय तुमच्या फोनवर ते चिपला घाम फोडेल. तिघे खोलीभाऊ आहेत, त्यांना आधी सांगा. टॉवेल गुंडाळून मागून जाणाऱ्या माणसाने त्या अ‍ॅपच्या अटी मान्य केलेल्या नसतात.

आता पहिल्या दिवसाची चाचणी, साधारण वीस मिनिटांची. सुरुवातीला कॅमेऱ्यावर कागदाची चिकटपट्टी लावून फक्त बघा. समोरचं चित्र लगेच उघडतं का चेहरा ओळखेपर्यंत धूसर राहतं? धूसर ठेवणारं अ‍ॅप बरं. तुमचा चेहरा झाकलेला असताना अ‍ॅप इशारा देतं का? देत असेल तर तिथे नजर ठेवणारी यंत्रणा निदान जागी आहे. पहिल्या वीस जोड्यांत किती वेळा अंगप्रदर्शन दिसलं ते मोजा. दोनपेक्षा जास्त वेळा दिसलं तर अ‍ॅप काढा, उद्या सुधारेल अशी आशा धरू नका. मग रिपोर्टचं बटण. ते कॉल चालू असताना त्याच पडद्यावर आहे का, आणि किती टॅप लागतात? दोन ठीक. चार लागत असतील, आधी कॉल तोडून इतिहासात जाऊन माणूस शोधावा लागत असेल, तर वैतागाच्या क्षणी कुणी ते करत नाही आणि अ‍ॅपलाही ते माहीत असतं. रिपोर्ट केल्यावर जोडणी ताबडतोब तुटायला हवी आणि तो माणूस पुन्हा समोर येता कामा नये.

काही अ‍ॅप्स स्क्रीनशॉट अडवतात. चांगलंय, पण त्यावर विसंबू नका. दुसऱ्या फोनने समोरून शूटिंग करायला काहीच लागत नाही. जे घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलं तर चालणार नाही, ते या कॅमेऱ्यासमोर करायचं नाही. एवढ्या एका गोष्टीत मी कुठलीही सूट देत नाही.

डेटाचं गणित. १ एमबीपीएस (सेकंदाला एक मेगाबिट) वेगाने तासभर म्हणजे ४५० एमबी. साध्या दर्जाच्या कॉलला दोन्ही दिशांना साधारण ६००-६०० केबीपीएस धरले तर १.२ एमबीपीएस, म्हणजे तासाला ५४० एमबी. तुमच्या दीड जीबीत पावणेतीन तास. एचडी चालू राहिलं आणि दोन्हीकडे दीड-दीड एमबीपीएस लागले तर तासाला १.३५ जीबी, म्हणजे दिवसाचा कोटा एका बैठकीत साफ. अ‍ॅपमध्ये दर्जा कमी करायचा पर्याय असेल तर पहिल्यांदा तो शोधा. आणि माझ्या आकड्यांवर न जाता मोजा: सेटिंग्जमधल्या अ‍ॅपनिहाय डेटा वापराचा आकडा लिहून ठेवा, दहा मिनिटं बोला, फरकाला सहाने गुणा. फोन तापत असेल तर आधी ब्यूटी फिल्टर बंद करा, दर सेकंदाला कितीतरी वेळा चेहऱ्याची जाळी आखण्यात चिप दमते. कव्हर काढा, ब्राइटनेस अर्ध्यावर आणा, चार्जिंग करता करता बोलू नका. समोरच्याला तुम्ही अडकत दिसता पण तुम्हाला तो स्वच्छ दिसतो, असं झालं तर अपलोड कमी पडतोय. संध्याकाळी सात-आठला ठाणे स्टेशनच्या गर्दीत असं होणारच, त्यात अ‍ॅपचा दोष नाही.

रात्रपाळी ही तुमची अडचण वाटत असेल, पण इथे ती सोय आहे. कोण भेटेल हे अ‍ॅपइतकंच घड्याळावर ठरतं. आपल्याकडे रात्री नऊ ते बारा या वेळात आजूबाजूच्या देशांतलेच लोक जास्त भेटतात आणि पाच मिनिटांत गाडी हिंदीवर येते. तुम्ही सकाळी सातला सुटून घरी येता तेव्हा न्यूयॉर्कमध्ये आदल्या संध्याकाळचे साडेआठ-साडेनऊ आणि कॅलिफोर्नियात साडेपाच-साडेसहा वाजलेले असतात. इंग्रजीसाठी हीच वेळ. दुपारी झोपून उठल्यावर चारला फिलिपिन्समध्ये साडेसहा झालेले असतात. तिथल्या लोकांचं इंग्रजी स्पष्ट आणि आपल्या कानाला सोपं जातं. डेटाचा कोटा मध्यरात्री नवा होतो, म्हणजे सकाळी तो तसाच शिल्लक असतो. थकून आलेला असाल तर मात्र वीस मिनिटांचा गजर लावून बसा.

आता ब्लॅकमेल. त्याचा साचा इतका ठरलेला आहे की पहिल्या तीन मिनिटांत ओळखता येतो. आकर्षक चेहरा येतो, माइक खराब आहे म्हणून टाइप करतो, लगेच ‘व्हॉट्सअ‍ॅपवर ये’ किंवा ‘इन्स्टा दे’ म्हणतो. तिकडे व्हिडिओ कॉलवर समोरची व्यक्ती कपडे उतरवते, तुम्हालाही सांगते, आणि ते रेकॉर्ड होतं. मग तुमच्या मित्रयादीचे किंवा फोनमधल्या संपर्कांचे स्क्रीनशॉट येतात: ‘इतके पैसे टाक, नाहीतर सगळ्यांना पाठवतो.’ संपर्कांची परवानगी आणि इन्स्टाचा आयडी नको म्हटलं ते यासाठी; धमकीला दात येतात ते त्या यादीमुळे. पुढे ‘सायबर पोलीस बोलतोय, व्हिडिओ काढून टाकायला अमुक भरा’ असा फोनही येतो. खरे पोलीस असे पैसे मागत नाहीत आणि ‘डिजिटल अरेस्ट’, म्हणजे फोनवरूनच अटक, असा प्रकार कायद्यात नाही.

समोरची व्यक्ती खरी आहे का हे बघायला साधी युक्ती: तीन बोटं कानाजवळ धरायला सांगा, मग हात चेहऱ्यासमोरून हळू फिरवायला आणि मान पूर्ण एका बाजूला वळवायला सांगा. आधी रेकॉर्ड केलेली फीत हे करू शकत नाही. चेहरा बदलणारं सॉफ्टवेअर अशा वेळी कडांना फाटतं. पण तंत्र सुधारतंय. म्हणून यातून पास झाला तरी दुसऱ्या अ‍ॅपवर पहिल्या भेटीत जायचं नाही.

अडकलातच तर एक रुपयाही देऊ नका. दिलात की मागणी वाढते, कारण तुम्ही देणारे आहात हे त्यांना कळतं. चॅट पुसू नका. नंबर, यूपीआय आयडी, प्रोफाइलचे स्क्रीनशॉट घ्या, मगच ब्लॉक करा. सोशल मीडियाची खाती थोडे दिवस बंद ठेवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा, जितक्या लवकर तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर टाका. प्रत्यक्ष जायचं तर ऐरोली-घणसोली हा भाग ठाणे जिल्ह्यात असला तरी पोलीस आयुक्तालय नवी मुंबईचं आहे. कळवा-मुंब्रा ठाणे आयुक्तालयात. दोन्हीकडे सायबर पोलीस ठाणी आहेत. पण हद्दीवरून अडू नका, झीरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. संमतीशिवाय कुणाच्या खासगी अंगाचं चित्रण करणं किंवा पसरवणं हा आयटी कायद्याच्या कलम ६६ई खाली तीन वर्षांपर्यंत तुरुंगवासाचा गुन्हा आहे आणि खंडणी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ मध्ये येते. म्हणजे कायदा तुमच्या बाजूने आहे, लाजून परत फिरू नका. व्हिडिओ पसरण्याची भीती असेल तर स्टॉपएनसीआयआय या सेवेवर तुमच्याच फोनमध्ये त्याचा डिजिटल ठसा बनतो. मूळ फाइल कुठे जात नाही, आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून तो अडवू शकतात.

हाच कायदा तुमच्यावरही आहे. गंमत म्हणून समोरच्याचं रेकॉर्डिंग करून मित्रांना पाठवू नका. समोर लहान मूल आलं तर त्याच क्षणी कॉल तोडा आणि रिपोर्ट करा. लहान मुलाचं कसलंही अश्लील चित्रण जवळ ठेवणं हाच कलम ६७बी खाली गुन्हा आहे.

मग घ्यायचं काय? तुमच्या वर्णनावरून सांगतो: सरावासाठी हॅलोटॉक किंवा टँडेमपैकी एक, आणि कुतूहलासाठी सकाळी सात ते आठच्या दरम्यान ब्राउझरमधली एखादी सेवा, आठवड्यातून दोन-तीनदा. दोन आठवड्यांनी वाटलं की अ‍ॅपच हवं, तर मागे नाव-पत्त्याची कंपनी असलेलं वर्गणीवालं अ‍ॅप फुकटच्या स्तरावर वापरा. तुमच्या जागी मुलगी असती, किंवा चेहऱ्यावरून ओळखली जाणारी नोकरी असती, तर मी रँडम व्हिडिओ पूर्ण वगळून आवाजापासून सुरुवात करा म्हटलं असतं.

आणि अ‍ॅप नको झालं तर काढायचा क्रम पाळा. आधी वर्गणी रद्द. मग अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये ‘खातं हटवा’; ज्या अ‍ॅपमध्ये खातं उघडता येतं त्यात ते हटवायची सोय असावी असा गूगल आणि अ‍ॅपल दोघांचाही नियम आहे, त्यामुळे ती सापडेपर्यंत शोधा. त्यानंतर गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन त्या अ‍ॅपला दिलेला प्रवेश काढा. अ‍ॅप फोनमधून सगळ्यात शेवटी काढा. उलट क्रमाने केलंत तर खातं, चेहरा आणि ऑटोपे तिकडेच राहतात आणि ते बंद करायला पुन्हा तेच अ‍ॅप डाउनलोड करावं लागतं.